पडलेल्याच्या हाती स्वच्छ सुई द्यावी काय?

जो मनुष्य मादक द्रव्याच्या आहारी गेला आहे आणि ज्याने ते अद्याप सोडलेले नाही, अशाच्या हाती स्वच्छ सुई देणे, किंवा त्यास रोज औषधाची गोळी देऊन त्याची तलफ शमविणे, हे नीतीस धरून आहे काय? हा प्रश्न आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. दारू व गांजा ह्यांनी खेड्यापाड्यांत केलेला नाश सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. परंतु सुईने शिरेत विष घेणारा मनुष्य आपल्या पंचक्रोशीत नाही, अशी बहुतेकांची समजूत असते. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे सुमारे साडेआठ लक्ष लोक ह्या देशात असावेत असा अंदाज दिला आहे; आणि ज्या राज्यांत त्यांची संख्या मोठी आहे त्यांच्या यादीत पंजाब, दिल्ली, मणिपूर व नागालँड ह्यांच्याबरोबर महाराष्ट्राचेही नाव आहे. गावचा तरुण पोटासाठी शहरास जातो आणि तेथून काय घेऊन परत येतो, हे आईबापांस नेहमी कळतेच असे नाही. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार आधीच करून ठेवणे बरे.

ह्या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे मिळतात, आणि दोन्ही प्रामाणिक अंतःकरणांतून निघतात. एक पक्ष म्हणतो, "पापाचे साधन आमच्या हातून कोणास मिळू नये. प्रथम त्याने व्यसन टाकावे, मग आम्ही त्याच्यासाठी सर्व काही करू." दुसरा पक्ष म्हणतो, "व्यसन टाकीपर्यंत तो जिवंत राहील कशावरून?" आम्ही ह्या दोहोंपैकी कोणासही हलके लेखीत नाही. मात्र नुसत्या तर्काने ह्या वादाचा निकाल लागणार नाही. प्रत्यक्ष काय घडले ते पाहिले पाहिजे.

प्रथम रोगाची वाट समजून घेऊ. एच.आय.व्ही. हा विषाणू रक्तातून, स्त्रीपुरुषसंबंधातून आणि मातेपासून बालकास असा पसरतो. एका पंगतीस बसल्याने, हातात हात दिल्याने किंवा एका विहिरीचे पाणी प्याल्याने तो पसरत नाही. परंतु एकाने शिरेत टोचलेली सुई व पिचकारी दुसऱ्याने वापरली, तर पहिल्याचे रक्त, डोळ्यांस न दिसण्याइतके थोडे का असेना, सरळ दुसऱ्याच्या शिरेत जाते. पिचकारीत उरलेल्या रक्तात हा विषाणू कित्येक दिवस जिवंत राहू शकतो. हेरॉइन, ज्याच्या हलक्या प्रकारास मुंबईकडे गर्द म्हणतात, त्याचा अंमल काही तासच टिकतो. तो उतरू लागला म्हणजे अंग मोडून येते, पोटात कळा येतात, उलट्या व जुलाब होतात, झोप नाहीशी होते. म्हणून व्यसनी मनुष्य दिवसातून तीन-चार वेळा सुई टोचून घेतो. त्या घटकेस स्वच्छ सुई जवळ नसली, तर तो सोबत्याची सुई घेतो. ह्या रोगाचा आणि ह्या व्यसनाचा संबंध एवढ्या एका गोष्टीत आहे.

आता मणिपूरकडे पाहू. हे राज्य आपल्या देशाच्या ईशान्य टोकास, ब्रह्मदेशाच्या सीमेला लागून आहे. त्याच्या डोंगराळ भागातील बहुतेक वस्ती ख्रिस्ती असून तेथे गावोगाव मंडळ्या व उपासनामंदिरे आहेत. १९८० नंतरच्या दशकात मोरे ह्या सीमेवरील गावावाटे हेरॉइन त्या मुलुखात आले, आणि शाळा-कॉलेजांत शिकणारे तरुण त्याच्या पाशात सापडले. १९८९ साली सुईने घेणाऱ्यांच्या रक्ततपासणीत एच.आय.व्ही. जवळजवळ आढळत नव्हता. पुढे वर्षही उलटले नाही तोच तपासलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या रक्तात तो सापडला. एखाद्या गवताच्या गंजीस ठिणगी लागावी तसे हे झाले.

तेव्हा लोकांनी काय केले? जे भले व घाबरलेले लोक सर्वत्र करितात तेच त्यांनी केले. आईबापांनी पोटच्या मुलांस तुरुंगात ठेवावे म्हणून सरकारकडे विनंती केली. व्यसन सोडविण्यासाठी काढलेल्या काही छावण्यांत तरुणांच्या पायांत खोडे घातले गेले. भूमिगत संघटनांनी व्यसन्यांच्या पायांत गोळ्या घालून इतरांस दहशत बसविली. शिक्षा, लज्जा, बहिष्कार, सारे उपाय झाले. ह्या उपायांमागे द्वेषच होता असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ ठिकाणी ते प्रीतीचेच उपाय होते. पण फळ काय मिळाले? व्यसनी लपून बसू लागला. जवळ सुई सापडली तर आपण ओळखले जाऊ, ह्या भयाने तो सुई बाळगीनासा झाला. आणि आडरानात एक सुई ठेवून तीच पाचदहा जणांत फिरू लागली. जी भीती त्यास व्यसनापासून दूर ठेवील असे वाटले होते, तिने त्यास केवळ औषधापासून व माणसांपासून दूर ठेविले.

आणि रोग त्याच्यापाशी थांबला नाही. मणिपूरमधील चुराचांदपूर येथे, ज्यांस सुईवाटे रोग जडला होता अशा १६१ पुरुषांच्या बायकांची तपासणी झाली. तिचा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. ह्या बायांनी स्वतः कधी सुई घेतली नव्हती. त्यांपैकी ७२ जणींच्या रक्तात रोग सापडला. वाचकांनी ह्या आकड्यापुढे थोडे थांबावे. "ज्याने केले त्याने भोगावे" असे आपण सहज म्हणून जातो. ह्या बहात्तर बायांनी काय केले होते? त्या चूल पेटवीत होत्या, शेतात खपत होत्या, लेकरे वाढवीत होत्या. व्यसन्यास दिलेली शिक्षा त्याच्या दारातून आत शिरून घरातील निरपराध्यांवर पडते. म्हणून सुईचा प्रश्न एकट्या व्यसन्याच्या पापाचा प्रश्न राहत नाही.

असेच काहीसे ह्यापूर्वी स्कॉटलंड देशात घडले होते. एडिंबरो शहरात १९८० नंतर हेरॉइनचे व्यसन वाढले, तेव्हा ते मोडून काढण्यासाठी तेथील औषधविक्यांनी सुया विकणे बंद केले आणि पोलीस सापडलेल्या सुया जप्त करू लागले. उद्देश निर्मळ होता: सुई मिळाली नाही म्हणजे व्यसन सुटेल. व्यसन सुटले नाही; सुया मात्र दुर्मिळ झाल्या, आणि एकेक सुई अनेकांच्या हातांतून फिरली. शहरातील एका वस्तीतील डॉक्टरांनी हेरॉइन घेणाऱ्या १६४ रोग्यांचे रक्त तपासले व १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिकांस रोग जडला होता. थोड्याच कोसांवरील ग्लासगो शहरातही हेरॉइन तितकेच होते, पण तेथे त्या काळी हा रोग शंभरांत सुमारे पाचांसच आढळला. मादक द्रव्य दोन्हीकडे एकच. एडिंबरोस जे अधिक होते ते सुईचे दुर्भिक्ष. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या समितीने स्वच्छ सुया देण्याची शिफारस केली.

मणिपुरातही हळूहळू डोळे उघडले. १९९५ साली चुराचांदपूर येथे 'शालोम' नावाचे काम सुरू झाले. ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ह्या प्रॉटेस्टंट इस्पितळांच्या संघाने हाती घेतले होते, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ह्या कामातील लोक व्यसन्यांच्या वस्तीत जाऊन जुन्या सुया घेत, नव्या देत, जखमा धूत आणि बोलत बसत. १९९६ साली मणिपूर सरकारनेही आपल्या एड्सविषयक धोरणात हा मार्ग स्वीकारला. पुढील दोन दशकांत सुईने घेणाऱ्यांतील रोगाचे प्रमाण तेथे पुष्कळ उतरले. सत्य सांगावयाचे तर ह्या उतारास अनेकांचे मरण हेही एक कारण आहे. आणि ते मरण पावले ते बहुधा सुया मिळण्यापूर्वीच रोग जडलेले होते.

आता औषधाविषयी. ज्यास अफूच्या जातीचे व्यसन आहे त्यास मेथाडोन नावाचे पातळ औषध किंवा बुप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवावयाची गोळी देतात. मेथाडोनचा हा उपयोग न्यूयॉर्क येथील डॉक्टर डोल व डॉक्टर निस्वांडर ह्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केला. हे औषध मेंदूत ज्या जागी हेरॉइन जाऊन बसते त्याच जागी बसते. पण त्याचा अंमल सावकाश चढतो व दिवसभर टिकतो. त्यामुळे अंग मोडून येत नाही, झिंगही येत नाही, आणि दिवसातून चार वेळा सुई शोधीत फिरण्याची गरज उरत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी रोग न जडलेल्या व्यसन्यांवर अठरा महिने लक्ष ठेविले गेले, आणि त्याचा वृत्तांत १९९३ साली बाहेर आला. जे सतत औषधोपचारात राहिले त्यांच्यापैकी शेकडा साडेतीन जणांस ह्या अवधीत रोग जडला. जे उपचाराबाहेर राहिले त्यांच्यापैकी शेकडा बावीस जणांस. २०१२ साली अनेक देशांतील अशा अभ्यासांचा एकत्र विचार झाला, तेव्हा ह्या औषधाने रोग जडण्याचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो असे दिसून आले. आपल्या देशात २००७ नंतर राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात ही गोळी सरकारी देखरेखीखाली देण्याची सोय झाली.

ह्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांस उत्तर देणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप असा: "दारुड्यास आपण दारूची बाटली आणून देत नाही, मग गर्द घेणाऱ्यास सुई का द्यावी?" हा आक्षेप वजनदार आहे, पण त्यात एक फरक नजरेआड होतो. बाटलीत दारू असते; सुईत हेरॉइन नसते. सुई देणारा विष देत नाही. ते विष मनुष्याने आधीच मिळविलेले असते, आणि ते तो आज संध्याकाळी घेणारच असतो. सुई देणारा त्या विषातून दुसऱ्याचे रोगट रक्त तेवढे वगळतो.

अमेरिकेतील इंडियाना संस्थानाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. त्यातील ऑस्टिन हे सुमारे चार हजार वस्तीचे गाव. तेथे लोक वेदनाशामक गोळ्या विरघळवून सुईने घेत. सुया वाटण्यास कायद्याने बंदी होती. २०१५ च्या आरंभी तेथे एच.आय.व्ही.ची साथ उठली आणि त्या लहानशा मुलुखात अखेर दोनशेंहून अधिक लोक सापडले. त्या वेळचे राज्यपाल माइक पेन्स हे धर्मनिष्ठ ख्रिस्ती म्हणून प्रसिद्ध होते, व सुया वाटण्याच्या विरुद्ध होते. तथापि त्यांनी प्रार्थनापूर्वक विचार करून त्या मार्च महिन्यात आणीबाणी जाहीर केली आणि सुया देण्यास मुभा दिली. साथ ओसरली. परंतु २०२१ साली तेथील तिघा स्थानिक अधिकाऱ्यांपैकी दोघांनी हे काम बंद करण्याच्या बाजूने मत दिले. रोग दिसेनासा झाला की त्यास अडविणारा बांध निरुपयोगी वाटू लागतो. पाऊस नसताना शेतकऱ्याससुद्धा तसे वाटते.

दुसरा आक्षेप: "एक नशा काढून दुसरी दिली, ह्यात सुटका कोठे?" गोळीदेखील अफूच्याच जातीची आहे, हे आम्ही लपवीत नाही. तिचाही गैरवापर होऊ शकतो, आणि आपल्या देशात तो झालेलाही आहे; म्हणूनच ती केंद्रात, देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत घ्यावी लागते. परंतु बंधनाबंधनांत अंतर आहे. एका बंधनात मनुष्य पहाटेपासून विषामागे धावतो, घरातील भांडी विकतो, बायकोस मारतो. दुसऱ्यात तो सकाळी केंद्रात जाऊन गोळी घेतो आणि मग दिवसभर नांगर धरतो, गवंड्याच्या हाताखाली राबतो, रात्री लेकरांपाशी बसतो. ह्या दोहोंस एकच नाव देणे न्यायाचे होणार नाही. शिवाय ज्यास एकदम कोंडून व्यसन तोडविले जाते त्याचे पुष्कळदा पुन्हा पतन होते, आणि त्या वेळी सवय मोडलेल्या शरीरास जुने माप झेपत नाही व तो मरतो. आईबापांनी घरी खोलीत कोंडून केलेला उपाय अशा रीतीने जिवावर बेतू शकतो.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे: "आम्ही सुई दिली तर आम्ही वाईटास बरे म्हटल्यासारखे होणार नाही काय?" हे भय रास्त आहे. जो सुई देतो आणि व्यसनात काही वावगे नाही असे बोलतो, तो खोटे बोलतो. परंतु एखाद्याचे प्राण राखणे आणि त्याच्या कृत्यास संमती देणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेल्या बैलाचा दाखला आमच्या वाचकांस ठाऊक आहे. जो बैल ओढून काढतो तो शब्बाथाचा अपमान करीत नाही. आणि विहिरीत पडलेल्या मनुष्यास, "तू प्यालेला होतास म्हणून पडलास, शुद्धीवर ये, मग दोर टाकतो," असे कोणी काठावरून सांगत नाही. आधी दोर, मग बोध. "आधी व्यसन सोड, मग ये," असे म्हणणारा, रोग बरा झाल्यावर औषधास या असे म्हणत असतो. पश्चात्तापास वेळ लागतो, आणि ज्यास आपण मरू दिले त्यास तो वेळ मिळत नाही. आमच्या मते ह्या साऱ्या वादाचा निर्णय ह्या एका गोष्टीवर होतो.

मात्र उलट बाजूचाही धोका सांगितला पाहिजे. सुई देऊन पाठ फिरविणे हेही पुरेसे नाही. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात सुया वाटण्याचे काम चालू असतानाच १९९० नंतरच्या दशकात हा रोग व्यसन्यांत जोराने पसरला. कारण तेथे कोकेन दिवसातून अनेकवार टोचून घेत, वाटलेल्या सुया त्या मानाने थोड्या पडत, आणि लोकांस घर व उपचार नव्हते. सुईबरोबर औषध, औषधाबरोबर राहावयास जागा, आणि ह्या सर्वांबरोबर ज्याच्याशी बोलता येईल असा मनुष्य लागतो. ह्यांपैकी शेवटली गोष्ट पैशाने मिळत नाही. ती मंडळीच्या हाती आहे.

म्हणून आमच्या उपदेशक बंधूंस व भगिनींस काही व्यावहारिक सूचना करितो. गावात असा कोणी आढळल्यास त्याचे नाव उपासनेत, पंचायतीत किंवा पाणवठ्यावर घेऊ नये. २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याने रोग्याची हकीकत गुप्त राखण्याचे बंधन घातले आहे. आणि रोगास आळा घालण्यासाठी स्वच्छ सुई किंवा हे औषध देणे हा गुन्हा नाही, हेही त्याच कायद्यात स्पष्ट केले आहे. तो कायदा २०१८ च्या सप्टेंबरात अंमलात आला. मादक द्रव्ये घेणे हा १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे, परंतु त्याच कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे जो व्यसनी आपखुशीने मान्य इस्पितळात उपचार घेतो व ते पूर्ण करितो त्यास खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. हे आईबापांस सांगावे, म्हणजे पोलिसांच्या भयाने ते मुलास लपविणार नाहीत. त्यास घरी कोंडू नये. त्याच्याबरोबर सरकारी इस्पितळात जावे. १०९७ ह्या सरकारी दूरध्वनीवरही माहिती मिळते. त्याच्या पत्नीस एकांतात, मंडळीतील एखाद्या समंजस बाईकडून, तपासणीविषयी सांगावे व तिची संमती असेल तरच पुढे जावे. रोग जडलेला असला तरी हताश होण्याचे कारण नाही. २००४ पासून सरकार त्यावरील औषधे मोफत देत आहे. ती रोज न चुकता घेतली व रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तर त्या मनुष्यापासून त्याच्या पत्नीस संबंधातून रोग लागत नाही, आणि वेळीच उपचार झाल्यास गर्भातील बालकही बहुधा वाचते.

आणि जेव्हा तो पुन्हा पडेल, कारण पुष्कळ जण पुन्हा पडतात, तेव्हा त्याच्यासाठी उपासनामंदिराचे दार बंद करू नये. चौथ्यांदा उठलेला मनुष्य पहिल्या तीन वेळांस कोणी तरी त्यास जिवंत राखिले म्हणूनच उठलेला असतो. प्रिय वाचकहो, व्यसनास व्यसन म्हणावे, पापास पाप म्हणावे, त्यात आडपडदा ठेवू नये. आणि तसे म्हणत असतानाच दुसऱ्या हाताने दोर धरून ठेवावा. हे दोन्ही एकाच वेळी करणे कठीण आहे, परंतु मंडळीकडून ह्याहून कमी मागता येत नाही.